डाव्या हाताचं बावखल

"बावखल कुठंय?" या प्रश्नाला हेमालीच्या डाव्या हातानं परस्पर उत्तर देऊन टाकलं. तिला विचारलंही नाही. संग्राम ट्रॅक्टरवर बसलेला, इंजिन सुरू, एका कानात इअरफोन, दुसरा कान तिच्याकडे. आणि वाडीच्या फाटकात उभ्या असलेल्या हेमालीचा डावा हात खांद्यातून उठला, बोट सुटं झालं आणि रानमोडी-सुबाभळीच्या हिरव्या भिंतीवर असं काही ठाम रोखलं गेलं की संग्रामनं मान डोलावली. "तिकडं ना? बरं. मंग मी उजव्या अंगानं घालतो," तो म्हणाला, आणि दुसराही इअरफोन कानात घालून निघून गेला. झालं ते एवढंच. हात खाली आला. येताना मात्र त्याला वजन आलं होतं.

प्रश्न रास्त होता. संग्राम चांदीपचा, म्हणजे तालुक्याच्या पूर्वेचा, भातशेतीतला. त्याच्याकडे जमीन जशी दिसते तशीच असते. बावखल हा प्रकार इकडचा, वटारसारख्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांचा: पावसाचं पाणी साठावं, मुरावं आणि केळीला, पानवेलीला उन्हाळ्यापर्यंत पुरावं म्हणून जुन्या माणसांनी खणलेला मोठा खोल खड्डा. विहिरीला निदान कठडा असतो. बावखलाला तेवढीही भीड नसते. काठावर गवत वाढतं, पाण्यावर जलपर्णी चढते, आणि पाच-सहा पावसाळे कुणी फिरकलं नाही की जमीन नेमकी कुठं संपते हे फक्त बगळ्यांना ठाऊक राहतं. सकाळी फाटकाशी चहा पिताना संग्राम म्हणाला होता, "आमच्या वळखीतला एक ट्रॅक्टर असाच पान्यात गेलता." "आणि ड्रायव्हर?" हेमालीनं विचारलं होतं. "तो बी," संग्राम म्हणाला, आणि बिस्कीट चहात बुडवलं.

हेमाली विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होती. तुळिंजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून सकाळी निघावं आणि दिवसभर लोकांचे अपघात वाचावेत, हे तिनं सत्तावीस वर्षं केलं होतं. माणसं अपघात फार वाईट लिहितात असं तिचं मत होतं. 'अचानक' हा शब्द प्रत्येक अर्जात. अचानक वळण आलं, अचानक भिंत पडली. अचानक काही होत नसतं, ती नव्या मुलांना शिकवायची. आधी कुणीतरी काहीतरी ठामपणे सांगितलेलं असतं. हे वाक्य विभागात बरंच लोकप्रिय होतं. आता ते तिला आठवलं आणि मुळीच आवडलं नाही.

फाटकाशेजारच्या भेंडाच्या सावलीत प्रेमलाकाकीनं आपली प्लास्टिकची खुर्ची मांडली होती. ही खुर्ची तिनं घरातून, म्हणजे वाडीच्या पार दुसऱ्या टोकाहून, वळसा घालून रस्त्यानं स्वतः आणली होती, कारण वाडीतून आरपार यायला आता वाट उरली नव्हती. काकीचं वय पंच्याहत्तरच्या पुढं, गुडघे गेलेले, मोबाईल मात्र ताजा. तो तिला कुशलनं घेऊन दिला होता. कुशल म्हणजे हेमालीचा धाकटा भाऊ, बंगळूरला असायचा, आणि काकी त्याला वाडीची बातमी व्हिडिओ कॉलनं पोचवायची. "जरा बाजूला हो गो पोरी," ती आत्ता म्हणत होती, "तुझी पाठच येते मधी. कुशलला टॅक्टर बघायचाय."

कुशलला ट्रॅक्टर बघायचा नव्हता. त्याला हेमाली चुकलेली बघायची होती, असं हेमालीचं म्हणणं. आणि ते म्हणणं अगदीच खोटं नसावं. बाबा, आत्माराम, गेल्यापासून वाडी पडून होती. आजूबाजूच्या वाड्यांत आता केळीऐवजी लग्नं लागत होती. लॉन, झुंबर, नारळाच्या बुंध्यांना निळे दिवे. असाच एक लॉनवाला कुशलच्या मागं होता. हेमाली अडून बसली. "ताई, तू वाडीत काय करणार? तुला त्यातलं काय माहीत आहे?" कुशल फोनवर म्हणाला होता. "तू तर लग्न होऊन गेलीस." "तू कुठं वाडीत बसलायस? तू बंगळूरला गेलास." "मी नोकरीला गेलो. ते वेगळं." शेवटी असं ठरलं की हा हिवाळा तिचा. तिनं उभं राहून वाडी साफ करून घ्यायची, पावसाआधी केळी लावून दाखवायची. जमलं तर वाडी वाडी राहील. नाही जमलं, काही नुकसान झालं, काही लफडं झालं, तर तिनं मुकाट्यानं लॉनवाल्याच्या कागदावर सही करायची. हे बोलणं काकीसमोर झालं होतं. नुकसान या शब्दाची व्याख्या मात्र कुणी केली नव्हती, जी हेमालीनं दुसऱ्या कुणाच्याही बाबतीत आधी करून घेतली असती.

ट्रॅक्टर आत शिरला होता. पुढं लावलेलं लोखंडी पातं झुडपं आडवी पाडत होतं, मागचं मशीन ती भरडत होतं, आणि मनगटाएवढी सुबाभूळ आली की संग्राम खाली उतरून बुंध्याला साखळी घालायचा, वर चढायचा, क्लच सोडायचा. मग एक क्षण काहीच घडायचं नाही. साखळी ताणलेली, झाड उभं, इंजिन ओरडतंय. त्या क्षणाला हेमालीच्या दाढा एकमेकींवर बसायच्या. मग खालून काहीतरी तुटल्याचा ओला आवाज, आणि झाड मुळांसकट, मातीसकट, फरफटत. वाडीला नवाच वास सुटला होता: डिझेल, ठेचलेली घाणेरी, आणि त्याच्याखाली दमट, जुना, बंद पेटीसारखा एक वास, जो तिच्या ओळखीचा होता आणि ज्याचं नाव तिला आठवत नव्हतं. तिला वाटलं, ओळखीचा आहे म्हणजे चांगलाच आहे. इतक्या वेळात पहिल्यांदा तिनं श्वास पूर्ण सोडला. डावीकडे. बरोबरच आहे. बावखल डावीकडेच होतं. ती काय आज बघतेय? लहानपणी रोज सकाळी ती बाबांच्या मागून वाडीत जायची. बाबांच्या खांद्यावर कावड, कावडीला दोन रिकामे डबे, आणि ते चालताना डब्यांचा होणारा आवाज हाच रस्ता. समोर फक्त बाबांची पाठ. बंडीच्या दोन पट्ट्या, मधे घामाचा नकाशा. दोन्ही बाजूंना केळीची पानं, त्यामुळे वाडी म्हणून जे काही होतं ते तिनं पाहिलं होतं ते बाबांच्या पाठीच्या दोन कडांनी. बावखल जवळ आलं की बाबा मान वळवायचे नाहीत, बोलायचे नाहीत; त्यांचा डावा हात मागं यायचा, पंजा उघडा. थांब. तो पंजा तिच्या कपाळाएवढ्या उंचीवर असायचा. त्याच्यापुढं ती कधी गेली नाही. बावखलाचं पाणी तिनं पाहिलं ते डब्यांत. कुशल तेव्हा पाळण्यात होता, त्यामुळे तो हे सगळं तिच्यापेक्षा अधिकारानं सांगत असे.

म्हणजे डावीकडेच. ऑफिसात ती स्वतःला वाडीवाली म्हणवून घ्यायची. दर पावसाळ्यात कुणाला अळूची पानं, कुणाला चाफा. नवरा विलास हसायचा, कारण अळू ती तुळिंजच्या बाजारातून घ्यायची. "तुझी वाडी प्लॅटफॉर्मच्या बाहेर आहे का?" असं तो विचारायचा. मूळचा साताऱ्याचा असल्यानं त्याला जमिनीबद्दल विनोद करण्याचा वंशपरंपरागत हक्क होता. आज तो आला नव्हता. ट्रॅक्टरकडे काय बघायचं, म्हणाला. बरंच झालं नाही आला ते. साखळी पुन्हा ताणली. झाड आलं. ट्रॅक्टर आता बराच आत, उजवीकडे, कंबरभर गवतातून चालला होता, आणि त्याच्या मागं तयार होत जाणाऱ्या तपकिरी पट्ट्यात साळुंक्या उतरल्या होत्या. हेमालीनं तिकडे बघण्यासाठी डोळ्यांवर हात धरला, कारण ऊन डोळ्यांत येत होतं.

ऊन डोळ्यांत येत होतं. आधी तिला त्यात काही वाटलं नाही. जानेवारीतली सकाळ, ऊन कोवळंच, डोळ्यांत येणारच. पण लहानपणी ऊन डोळ्यांत येत नसे. पाठीवर असायचं. सकाळचं ऊन पाठीवर, आणि तिची सावली पुढं, बाबांच्या पोटऱ्यांवरून चढत, बंडीवरून, घामाच्या नकाशावरून वर जायची. ती हात वर करायची आणि सावलीचे हात बाबांच्या मानेला गुदगुल्या करायचे, जे बाबांना कधी कळलं नाही. तिची सावली बाबांच्या पाठीवर. म्हणजे सूर्य मागं. म्हणजे ते पश्चिमेकडे तोंड करून चालायचे. अर्थातच, घर पूर्वेला, वाडी घराच्या मागं, ते घरातून निघायचे. आणि हा नवा सिमेंटचा रस्ता वाडीच्या पश्चिम टोकाला येऊन लागलेला, ट्रॅक्टर फक्त इथूनच आत जाऊ शकत होता, म्हणून आज आयुष्यात पहिल्यांदा ती वाडीच्या मागच्या बाजूनं, उलट्या तोंडानं उभी होती. हे तिला माहीत होतं. हाताला कुणी कळवलं नव्हतं.

घरातून येताना जे डावीकडे, ते इथून उजवीकडे.

यानंतर हेमालीनं ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही. ती विचार करू लागली, आणि तिचे विचार अत्यंत समंजस होते. पहिला असा की कदाचित तिचंच चुकत असेल. बाबांचा हात डावा नसेलच. दुसरा असा की इतक्या वर्षांत बावखल गाळानं भरूनही गेलं असेल, लोकांची जातात. तिसरा विचार काकीच्या मोबाईलचा होता. तो अजून रोखलेला होता, कॉल चालू होता, आणि ती आत्ता धावली तर ते धावणं बंगळूरला दिसणार होतं. वटारच्या आत्मारामाच्या मुलीला स्वतःच्या वाडीतलं बावखल माहीत नाही. एवढं एकच वाक्य कुशलला पुरेसं होतं. चौथ्या विचाराला तर तिला स्वतःचं अक्षर दिसलं, तपासणी अहवालातलं, उजवीकडे किंचित कललेलं: धोक्याची पूर्वकल्पना चालकास देण्यात आली होती काय? होय. कोणी दिली? जागेच्या मालकिणीने. कल्पना बरोबर होती काय? आणि इथं तिचं अक्षर थांबलं. असा प्रश्न छापील अर्जात नसतोच. तो ती समासात लिहायची, शिसपेन्सिलीनं, आणि दावा नाकारायची. ट्रॅक्टर एव्हाना गवताच्या आणखी दाट भागाशी पोचला होता. ते गवत बाकीच्यापेक्षा हिरवं होतं. तो जुना, दमट, बंद पेटीचा वास तिच्याकडे आला, आणि आता त्याचं नाव आठवलं. डब्यांचा वास. बाबांच्या डब्यांतल्या पाण्याचा.

ती धावली.

पन्नाशी ओलांडलेल्या, गुळगुळीत सोलच्या चपला घातलेल्या बाईनं नुकत्याच कापलेल्या झुडपांतून धावू नये. छाटलेले खुंट तिरपे, टोकदार, पावलोपावली वर बघत होते. एक चप्पल साखळीनं उपटलेल्या पहिल्याच झाडाच्या खड्ड्यात राहिली. "अगो हेमा! कुठं धावतेस! साप हाय का?" काकी मागून ओरडली. "संग्राम!" हेमाली ओरडली. संग्रामची पाठ ढिम्म. ती पाठ गाण्याच्या तालावर हलत होती. "संग्राम, थांब!" पुढची दोन छोटी चाकं हिरव्या गवतात शिरली. सगळं आता त्या पाठीपुरतं झालं. ती वळत नव्हती. कुठलीच पाठ वळत नाही, हे काहीतरी हेमालीच्या मनात आलं आणि तिला त्याचा प्रचंड राग आला. पायाशी सुकलेला नारळ होता. तो तिनं उचलला आणि दोन्ही हातांनी, शाळेत गोळाफेकीत शेवटून पहिली आलेल्या मुलीच्या सगळ्या ताकदीनिशी, फेकला.

नारळ संग्रामच्या खांद्यावर बसला.

"ओ ताई!" ट्रॅक्टर आचका देऊन थांबला. संग्रामनं इअरफोन उपटले. "डोकं फिरलं का? मारता काय मला?"

"बावखल डावीकडे नाहीये."

"मंग कुठंय?"

"मला माहीत नाही."

"म्हंजे? सकाली तर दावलंत. असं बोट करून."

"दाखवलं. पण माहीत नव्हतं."

संग्रामनं तिच्याकडे पाहिलं, मग पुढच्या गवताकडे पाहिलं, मग खाली, चाकांकडे. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं. "आई शप्पत," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "आनि मी गाना ऐकत होतो."

"मागं घे."

"मागं जमीन हाय ते तरी नक्की का?"

"मागूनच आलास ना तू?"

"हां. ते बी खरं." त्यानं रिव्हर्स टाकला, आणि ट्रॅक्टर मागं आला तेव्हा पुढची चाकं जिथं होती तिथं दोन खळग्यांत काळं पाणी भरून आलं. ते दोघंही त्याकडे बघत राहिले. पाणी शांतपणे वर येत होतं, आपल्याला कुणी बोलावलं का हे बघायला आल्यासारखं.

काकी लंगडत पोचली होती, हात लांब करून, मोबाईल पुढं. "कुशल विचारतोय काय झालं. सांगू काय? तूच सांग."

मोबाईलमध्ये कुशलचं कपाळ होतं. हेमालीला बरंच काही सुचलं. मशीन बिघडलं. साप निघाला. संग्रामला उन्हाचा त्रास झाला. सत्तावीस वर्षं लोकांचे अर्ज वाचल्यामुळे तिच्याकडे उत्तम दर्जाची खोटी कारणं शिलकीला होती. "कुशल," ती म्हणाली, "मी ह्याला बावखल चुकीच्या बाजूला दाखवलं. ट्रॅक्टर आत जाणार होता. वाचला. मला ते कुठं आहे माहीत नाही. तुला माहीत आहे?"

कपाळ थोडं मागं गेलं. "जांभळाजवळ ना?"

"जांभूळ कुठं होतं?"

"म्हणजे... विहिरीच्या पलीकडे."

"विहीर अंगणात आहे, घरापुढं. अख्खी वाडीच तिच्या पलीकडे."

"हे बघ ताई," कुशल म्हणाला, "हेच मी सांगत होतो. आज माणूस मेला असता. बंद कर सगळं. लॉनवाला आठवड्यात सपाट करून देतोय, खड्डाबिड्डा बुजवून. आपलं ठरलं होतं."

ठरलं होतं. ती नाही म्हणू शकत नव्हती. नुकसान या शब्दात हे अगदी चपखल बसत होतं, आणि तिच्या टेबलावर आलं असतं तर तिनंही कुशलच्याच बाजूनं निकाल दिला असता. "काकी, तुला तरी माहीत आहे?" तिनं विचारलं. काकीनं मोबाईल खाली केला. "मी काय सांगू गो? मी सून. बावखलावर आत्मारामभावजी कोनाला येऊ द्यायचे? बोलायचे, कडा ठिसूल हाय, पोरं पडतील, बायका पडतील. एकटेच जायचे. आम्हाला पानी घरात मिलायचं, झालं." मग तिनं मनाशीच सांगितल्यासारखं सांगितलं, "शेवटी शेवटी दिसत नव्हतं भावजींना. तरी जायचे. मला तर रोज वाटायचं, आज नाय येनार."

रोज वाटायचं. आणि आपल्याला एकदाही वाटलं नव्हतं, कारण आपण तुळिंजला अळू घेत होतो. हेमालीनं तोंडावरचा घाम पुसला. पायाच्या तळव्यातून रक्त येत होतं. हे तिला आता दिसलं, दुखायला लागलं नव्हतं. काकीच्या कुंपणाला अडकवलेली चाफा काढायची आकडी तिला आठवली, पण कुंपण वाडीच्या त्या टोकाला. फाटकाशी बांबू होते, संग्रामनं सीमेला रोवायला आणलेले. तिनं त्यातला एक आणला. "ह्याच्या पुढं मी नाय येनार हां," संग्राम काकीला म्हणाला. "तुला कोन बोलावतंय," काकी म्हणाली, आणि तीही जागेवरून हलली नाही.

बांबू पुढं, मग पाय. पाण्यानं भरलेल्या त्या दोन खळग्यांच्या बाजूनं हेमाली गवतात शिरली. टक. जमीन. टक. जमीन. मग आवाज बदलला, जाड झाला, चिखलाचा. गवत तिच्या छातीशी आलं. समोर काहीच दिसत नव्हतं. आणि समोर कुणाची पाठही नव्हती, ही गोष्ट तिला एखाद्या थंड वाऱ्यासारखी अंगभर लागली. तिनं बांबू टेकवला आणि तो टेकला नाही. आवाज न करता तो गेला, जात राहिला, तिची मूठ ओली होईपर्यंत गेला, आणि तिच्यासमोरचा सगळा हिरवा प्रदेश, ज्याला ती जमीन समजत होती, एकदम, एका अंगानं हलला. गोधडीखाली कुणी कूस बदलावी तसा. ती गुडघ्यांवर बसली. मागं पाहिलं. मघाच्या चाकांच्या खुणा आणि ती बसली होती ती कड, यांच्यामधे एक माणूस आडवा निजू शकला असता. फार उंच नको.

"हाय?" संग्रामनं विचारलं.

"आहे."

"किती मोठा?"

"ते बघायला लागेल."

काकीच्या हातातला मोबाईल वाजायला लागला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. हेमाली उठली. दुसरीही चप्पल तिनं काढून टाकली, कारण अनवाणी पायाला चिखल आधी कळत होता. ती काठानं चालू लागली, बांबू टोचत, हात-दीड हात जमीन आतल्या बाजूला सोडून, आणि जिथं खात्री झाली तिथं गवताची मूठ पिळून गाठ मारत. थोडं गेल्यावर मागं इंजिन सुरू झालं. संग्राम गाठींच्या अलीकडून, तिच्या मागून, पहिल्या गिअरवर येत होता, पातं उचललेलं, मान पुढं काढलेली, कानात काही नाही. ती थांबली की तो थांबायचा. तिच्या पाठीवर इंजिनाची ऊब येत होती आणि पुढून पाण्याचा गारवा.

"हेमा!" काकी ओरडली. "कुशल विचारतोय बंद केलं का म्हनून! काय सांगू त्याला?"

हेमालीनं बांबू वर काढला. त्याच्यावरून काळं पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. बावखलाला अजून बरीच बाजू शिल्लक होती, ती कुठवर जाते हे तिला अजिबात ठाऊक नव्हतं, आणि संध्याकाळी कुशल सहीसाठी फोन करणार हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

"सांग, चालू आहे," ती म्हणाली, आणि बांबू पुढं टाकला.